मृग नक्षत्र पुढे का सरकतंय? ऋतू आणि पंचांगाची फारकत मोजणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित

जूनचा पहिला आठवडा आला की वर्धा जिल्ह्यात कुठेही जा, हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर, आर्वी, बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं. मिरग कधी लागते? कृषी केंद्रात सरकीची पाकिटं आलेली असतात. कुणी धूळपेरणी उरकून आभाळाकडे बघत असतो, कुणी पहिल्या चांगल्या पावसासाठी थांबलेला असतो. कॅलेंडरवर मृग नक्षत्राची तारीख छापलेली असते. बहुतेक वर्षी ७ जून किंवा ८ जून.

ही तारीख आपण कायमची समजतो. ती तशी नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मृग दोन-तीन दिवस आधी लागत असे. गुप्त राजांच्या काळात तो मेच्या मध्यावर लागत होता. पंचांगाचा हिशेब असाच चालू राहिला तर आणखी दोन हजार वर्षांनी मृग लागेपर्यंत जुलैचा पहिला आठवडा उलटून गेलेला असेल. पाऊस मात्र मृगाच्या मागे सरकत जाणार नाही.

हे का होतं, कधीपासून होतं आणि आपल्या पूर्वजांना ते किती ठाऊक होतं, याचा मराठीतला सगळ्यात सखोल शोध एका शाळामास्तरांनी घेतला. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म जुलै १८५३, मृत्यू एप्रिल १८९८. आयुष्य पंचेचाळीस वर्षांचंही नाही.

जवळ असूनही थंड, लांब असूनही तप्त

दीक्षितांकडे जाण्याआधी वर्ध्याच्या उन्हाचा हिशेब बघून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वाट पूर्ण गोल नाही, किंचित लांबट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणजे वर्धेकर जानेवारीत शेकोटी पेटवतात तेव्हा सूर्य ५० लाख किलोमीटरने जवळ असतो! त्यामुळे पृथ्वीवर येणारं ऊन सुमारे सात टक्क्यांनी वाढतंही. तरी थंडी असते.

कारण अंतर नाही, कल. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास वर्ध्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून अवघा ४६ अंशांवर असतो. तिरपं ऊन जास्त जागेवर पसरतं, त्यामुळे जमिनीच्या तेवढ्याच तुकड्याला सरळ उन्हाच्या साधारण सात दशांश ऊन मिळतं. दिवसही आखूड, सुमारे १० तास ५० मिनिटांचा. जूनच्या २१ तारखेला हाच दिवस १३ तास २० मिनिटांच्या आसपास जातो. अडीच तासांचं जादा ऊन, तेही जवळजवळ डोक्यावरून. शेतातल्या सौर पंपाची पाटी दक्षिणेकडे तोंड करून तिरपी का बसवतात, त्याचं उत्तरही याच कोनात आहे.

वर्धा शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेएकवीस अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो: मेच्या चौथ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दुपारी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मेमधली शून्य सावली सगळ्यांना अंगावर जाणवते, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. जुलैतली बहुतेक वेळा ढगांमागे निघून जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

थोडक्यात, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे पृथ्वीचा कल सूर्याकडे आहे की उलट्या बाजूला, यावर ठरतात. सूर्याच्या मागे कोणतं नक्षत्र आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. मृग नक्षत्र मात्र सूर्याच्या मागच्या ताऱ्यांवरूनच ठरतं. घोळ तिथे आहे.

मुरुडचा मुलगा, रेवदंड्याचा मास्तर

दीक्षित मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. समुद्रकाठचं छोटं गाव. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं बालपणही याच गावात गेलं, ते दीक्षितांपेक्षा पाच वर्षांनी लहान. गावच्या शाळेतलं शिक्षण आणि घरच्या वळणाचं संस्कृत घेऊन दीक्षित पुण्याला आले आणि मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले. इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंत. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. ज्या काळात शास्त्रीय संशोधनाचा मक्ता सरकारी खात्यांतले गोरे अधिकारी आणि मोजके प्रोफेसर यांच्याकडे होता, त्या काळात ते आयुष्यभर शाळामास्तर राहिले.

नोकरी त्यांना फिरवत राहिली. रेवदंडा, ठाणे, बार्शी, मग धुळ्याचं ट्रेनिंग कॉलेज आणि शेवटी ज्या संस्थेत ते घडले ते पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज. नकाशावर ही गावं जोडली तर लक्षात येतं की ग्रंथालय आणि विद्वानांची संगत हाताशी होती ती फक्त पुण्यात. मधली बहुतेक वर्षं त्यांनी त्यापासून लांब काढली.

त्यांची सुरुवातीची पुस्तकं मुलांसाठी आहेत. १८७६ मध्ये विद्यार्थिबुद्धिवर्धिनी आलं, १८८२ मध्ये सृष्टचमत्कार. पुढे १८९० च्या दशकात ज्योतिर्विलास आलं. रात्रीच्या आभाळाची ओळख करून देणारं हे पुस्तक मराठी घरांत बराच काळ वाचलं गेलं. आकाश समजायला दुर्बीण लागत नाही, अंगण लागतं, हे त्यांच्या लिखाणामागचं गृहीतक दिसतं. आमच्या डिजिटल डेस्कवर सोपं करून लिहिणं हा रोजचा धंदा आहे, म्हणून हे सांगावंसं वाटतं: एकोणिसाव्या शतकात ग्रहगणित मराठीत सोपं करून सांगणं किती जड काम असेल, याची कल्पना मोबाइलवर दोन परिच्छेद लिहितानाही येते.

भोवरा डुलतो, पंचांग सरकतं

दीक्षितांना ज्या प्रश्नाने धरून ठेवलं तो असा. फिरणारा भोवरा हळू झाला की त्याची वरची टोकं गोल डुलू लागतात. पृथ्वीचंही तसंच आहे. ती मध्यभागी जरा फुगलेली आहे, त्या फुगवट्यावर सूर्य आणि चंद्राची ओढ लागते आणि तिचा आस अतिशय संथपणे डुलतो. एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास २६ हजार वर्षं लागतात. कल साधारण तेवढाच राहतो, पण तो कोणत्या ताऱ्याच्या दिशेने आहे ते बदलत जातं. याला अयनचलन म्हणतात.

याचा परिणाम वर्षाच्या लांबीवर होतो. एका वसंत संपातापासून, म्हणजे दिवस-रात्र समान असणाऱ्या मार्चमधल्या क्षणापासून, पुढच्या वसंत संपातापर्यंत ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि ४५ सेकंद लागतात. हे ऋतूंचं वर्ष, त्याला सायन म्हणतात. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याजवळ यायला याहून वीस मिनिटं जास्त घेतो. हे ताऱ्यांचं वर्ष, म्हणजे निरयन. आपली बहुतेक पंचांगं निरयन आहेत. त्यात भर म्हणजे सूर्यसिद्धान्तातलं वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं आणि ३६ सेकंदांचं आहे, म्हणजे ऋतुवर्षापेक्षा जवळपास २४ मिनिटांनी मोठं. वर्षाला २४ मिनिटं म्हणजे ६० वर्षांत एक अख्खा दिवस.

मकरसंक्रांतीवरून हे सहज पडताळता येतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ जानेवारीला येते, काही वर्षी १५ ला. उत्तरायण, म्हणजे सूर्याचं उत्तरेकडे वळणं, ते तर २२ डिसेंबरच्या सुमारासच होऊन गेलेलं असतं. संक्रांत आणि खरं उत्तरायण एकाच दिवशी येत होतं त्याला दीड ते पावणेदोन हजार वर्षं झाली. तिळगूळ आपण तीन आठवडे उशिरा वाटतो.

हे आपल्या ज्योतिषांना माहीत नव्हतं का? होतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिलं, त्यात याचा हिशेब आठवीच्या मुलाला जमेल इतका सोपा करून ठेवला आहे. शक घ्या, त्यातून ४४४ वजा करा, ६० ने भागा. आलेले अंश म्हणजे ताऱ्यांची चौकट ऋतूंपासून किती लांब गेली आहे ते. २०२५ च्या पाडव्याला सुरू झालेल्या शके १९४७ साठी उत्तर येतं २५ अंश. आधुनिक मोजणी २४ अंशांच्या थोडी वर आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या तोंडी हिशेबासाठी ही चूक फार नाही. हा फरक ठाऊक असूनही सणवार ताऱ्यांच्या चौकटीतच राहिले, आणि दीक्षितांची खंत हीच होती.

एक गोष्ट दीक्षितांच्या हयातीत कुणालाच पक्की माहीत नव्हती. हाच संथ डोल हजारो वर्षांच्या पट्ट्यात पावसाळाही बदलतो. आज पृथ्वी सूर्याजवळ असते ती जानेवारीत. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असायची. त्यामुळे उत्तर गोलार्धाचे उन्हाळे अधिक तापत, जमीन समुद्रापेक्षा जास्त गरम होई आणि मान्सून आजच्यापेक्षा जोरदार असे. सहारा वाळवंटात त्या काळात गवत आणि तलाव होते. सर्बियाचे मिलुटिन मिलानकोविच यांनी या बदलांचं सविस्तर गणित मांडलं ते विसाव्या शतकात.

एरणचा खांब आणि एक गुरुवार

आता दीक्षितांच्या कामातला सगळ्यात सुरस भाग.

गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षं दिलेली आहेत, पण ती कोणत्या सालापासून मोजायची यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. मुंबई इलाख्यातले अधिकारी आणि शिलालेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट हा प्रश्न सोडवत होते. त्यांना गणित करून देणारा माणूस हवा होता. तो शाळामास्तर दीक्षितांच्या रूपाने मिळाला.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथल्या दगडी खांबावर बुधगुप्त राजाच्या काळातली तारीख कोरलेली आहे: गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असल्यामुळे पडताळणी शक्य होती. वेगवेगळी आरंभवर्षं धरून बघायचं, त्या तिथीला गुरुवार पडतो का ते तपासायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी सूर्य आणि चंद्राची मध्यम गती, मग तिला द्यायच्या दुरुस्त्या, मग अधिक महिना होता की नाही, सूर्योदयाला कोणती तिथी होती, हे सगळं हाताने. आज मोबाइलवर सेकंदात होतं ते.

उत्तर निघालं गुरुवार, २१ जून, इसवी सन ४८४. गुप्त शकाचा आरंभ ३१९-३२० मध्ये होतो, याला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. १८८८ मध्ये फ्लीट यांचा गुप्त शिलालेखांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात दीक्षितांच्या गणिताची नोंद आहे. भारतीय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत गुप्त राजांच्या ज्या सनावळ्या आपण पाठ केल्या, त्यांच्या मुळाशी या गणिताचाही वाटा आहे.

हीच तारीख ऋतूंच्या बाजूने बघा. ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरच्या हिशेबात २२ जून. आषाढ शुद्ध द्वादशी म्हणजे आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. आज ही तिथी २२ जूनला येऊच शकत नाही. लवकरात लवकर म्हटली तरी जूनचा शेवटचा आठवडा, आणि बऱ्याच वर्षी जुलै. बुधगुप्ताच्या प्रजेचा आषाढ आपल्या आषाढापेक्षा सरासरी तीन आठवडे आधी यायचा. त्यांच्या आषाढात पाऊस नुकता येत असेल, आपल्या आषाढात तो बहुधा पंधरा-वीस दिवसांचा जुना झालेला असतो. विदर्भातून पंढरीला पायी निघणाऱ्या दिंडीला हा फरक चांगलाच ओला आहे.

कृत्तिका पूर्वेला होत्या तेव्हा

अयनचलन म्हणजे एक प्रकारचं घड्याळ, हे दीक्षितांनी ओळखलं. फार संथ, पण बंद न पडणारं. आकाशाबद्दल एखादा जुना ग्रंथ काही ठाम सांगत असेल, तर ते विधान कोणत्या काळी खरं होतं हे काढता येतं.

वेदांग ज्योतिषात उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी होत असल्याचं सांगितलं आहे. आज ते मूळ नक्षत्रात होतं. दोन्हींतलं अंतर सुमारे साडेसत्तेचाळीस अंश, आणि एक अंश सरकायला जवळपास ७२ वर्षं. गुणाकार तुम्हीच करा. उत्तर साधारण तीन हजार चारशे वर्षं येतं, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० च्या आसपास. दीक्षितांचा निष्कर्षही तोच होता.

शतपथ ब्राह्मणातला एक उल्लेख त्यांनी पुढे आणला तो याहून धाडसी होता. तिथे म्हटलं आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी वर्ध्याच्या कोणत्याही मोकळ्या धुऱ्यावर उभं राहून बघा, ताऱ्यांचा तो छोटा झुबका पूर्वेच्या डावीकडे, उत्तरेला २६ अंश सरकून वर येतो. त्या नेमक्या पूर्वेला उगवत होत्या तो काळ दीक्षितांनी काढला: इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. हा लेख १८९५ मध्ये इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात आला आणि युरोपातल्या पंडितांत त्यावर वाद सुरू झाला. जुन्या काळचं निरीक्षण नंतरच्या ग्रंथात आलं असेल, पूर्व म्हणजे ढोबळ पूर्व असेल, असे आक्षेप आले. ते आजही घेतले जातात, आणि त्यांत तथ्य नाही असं म्हणता येत नाही. गणित बरोबर असलं तरी विधानाचा अर्थ लावायचा राहतोच.

याच सुमारास, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांचं ओरायन आलं होतं. त्यात मृगशीर्षात वसंत संपात होत होता त्या काळापर्यंत वेद मागे नेले आहेत. म्हणजे आपला जूनमधला मृग तेव्हा मार्चमध्ये येत होता! बॉनमध्ये हर्मान याकोबी याच दिशेने विचार करत होते. पुण्यात, धुळ्यात आणि जर्मनीत एकाच वेळी माणसं जुन्या आकाशाची तारीख काढत बसली होती.

तीन पंचांगं, एक भांडण

दीक्षित जुना काळ मोजून थांबले असते तर त्यांना फारसा विरोध झाला नसता. पण त्यांनी चालू पंचांगाला हात घातला.

त्या वेळी महाराष्ट्रात बहुतेक घरांत ग्रहलाघवावरून केलेलं पंचांग होतं. त्यातले ग्रह आणि ग्रहणं प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हती. गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० च्या दशकात आधुनिक गणितावर पटवर्धनी पंचांग काढलं, पण ते निरयनच ठेवलं. तिसरा पक्ष सायनवाद्यांचा. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित ही त्यातली मुख्य नावं. १८८० च्या दशकात त्यांनी सायन पंचांग चालवलं.

त्यांचं म्हणणं असं. वेदांत महिन्यांची जुनी नावं मधु, माधव, शुक्र, शुची, नभ, नभस्य अशी आहेत, आणि ती ऋतूंशी बांधलेली आहेत. चैत्र, वैशाख ही नक्षत्रांवरून आलेली नावं नंतरची. धर्मशास्त्राला वसंतातलं कर्म वसंतात हवं असेल, तर वसंत सूर्यावरून ठरला पाहिजे. निरयन पंचांग चालू ठेवलं तर एक दिवस चैत्रात भर उन्हाळा येईल, मग पावसाळा येईल, आणि नावं तीच राहतील.

समोरच्यांचा मुद्दाही हलका नव्हता. सायन धरलं तर त्या वर्षीपासून संक्रांत बावीस दिवस मागे येणार, काही वर्षी सगळे सण एक महिना आधी येणार. पंचांगात अश्विनी लिहिलेली असेल आणि आभाळात चंद्र दुसऱ्याच ताऱ्यांजवळ दिसेल. शेजारचं गाव दिवाळी करत असताना आपल्या घरात ती होऊन गेलेली असेल. कुणाही कुटुंबाला हे परवडणारं नव्हतं. सायन पंचांग घेणारे थोडेच राहिले. दीक्षितांचं गणित कुणी फारसं खोडलं नाही, ते फक्त कुणी वापरलं नाही.

मोठा ग्रंथ आणि थोडी वर्षं

पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगांच्या इतिहासावरच्या मराठी ग्रंथासाठी बक्षीस जाहीर केलं होतं. दीक्षितांनी ते काम अंगावर घेतलं आणि १८८८ च्या सुमारास, बार्शीच्या वर्षांत, लिहून काढलं. ते वाढत गेलं आणि १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास म्हणून छापलं गेलं. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंत जेवढे ज्योतिषग्रंथ आणि ग्रंथकार मिळाले, तेवढ्यांची नोंद त्यात आहे. प्रत्येकाचा काळ, गाव, वर्षमान, चुका. ज्या सायन पक्षाचे ते होते त्याची बाजू त्यांनी मांडली, पण विरोधी पक्षाच्या ग्रंथांना कमी जागा दिली नाही. केरोपंतांबद्दलही ते आदरानेच लिहितात.

त्याच वर्षी लंडनहून रॉबर्ट सेवेल आणि दीक्षित यांच्या नावाने इंडियन कॅलेंडर हे इंग्रजी पुस्तक निघालं. सेवेल मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी. हिंदू आणि हिजरी तारखांचं इसवी सनात रूपांतर करण्याची कोष्टकं त्यात आहेत. ताम्रपट वाचणारे अभ्यासक पुढची अनेक दशकं ती कोष्टकं उघडत राहिले. ट्रेनिंग कॉलेजातल्या एका असिस्टंट मास्तरांचं नाव लंडनच्या मुखपृष्ठावर आलं, ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती, ते वेगळं सांगायला नको.

यानंतर त्यांना दीडच वर्ष मिळालं. एप्रिल १८९८ मध्ये ते गेले. भारताच्या प्राचीन भूगोलावरचं त्यांचं भारतवर्षीय भूवर्णन हे पुस्तक मृत्यूनंतर, १८९९ मध्ये प्रसिद्ध झालं.

मग सायन पंचांगाचं काय झालं?

स्वातंत्र्यानंतर सरकारला देशातली तीसेक पंचांगं एका रेषेत आणायची होती. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली. वर्ध्याच्या शेजारचे, नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी तिचे सदस्य होते. पुण्याहून केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, आणि उज्जैनच्या माधव कॉलेजातले प्रा. र. वि. वैद्य.

समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय कॅलेंडर सुरू झालं: १ चैत्र १८७९. हे कॅलेंडर सायन आहे. चैत्र वसंत संपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि २२ डिसेंबरला, खऱ्या उत्तरायणाच्या सुमारास, १ पौष असतो. त्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे ठेवले आहेत, आश्विनपासून पुढचे ३० दिवसांचे. हे मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. जुलैत पृथ्वी सूर्यापासून लांब असते आणि म्हणून सावकाश चालते, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर हा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा सुमारे आठवडाभर मोठा असतो. राष्ट्रीय कॅलेंडरच्या महिन्यांत पृथ्वीची चाल उतरली आहे.

सणांसाठी समितीने मधला मार्ग सुचवला होता. ऋतू आणि तारे यांच्यातलं अंतर २३ अंश १५ कलांवर गोठवायचं. सण आज आहेत तिथेच राहतील, फक्त आणखी पुढे सरकणार नाहीत. पंचांगकर्त्यांनी तो स्वीकारला नाही. राष्ट्रीय तारीख राजपत्रावर छापली जाते. मृग, संक्रांत आणि आषाढी अजून सरकत आहेत, आयुष्यभरात एखाद्या दिवसाने.

समितीतले प्रा. वैद्य पुढे दीक्षितांच्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी अनुवादक झाले. पहिला भाग १९६९ मध्ये आला, दुसरा १९८१ मध्ये. तो प्रसिद्ध केला भारत सरकारने, वेधशाळांच्या महासंचालकांमार्फत. म्हणजे त्याच हवामान खात्याने, ज्याच्या मान्सूनच्या अंदाजाकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्धा जिल्हा मोबाइलवर डोळे लावून बसलेला असतो.